काट्याचा सर्व्हर डेबियन ११ वरून १२ वर: फाइलींच्या भांडणाच्या नोंदी

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

धरणगावच्या एका जिनिंग-प्रेसिंगमधला सर्व्हर. कापसाची गाडी काट्यावर चढली की इंडिकेटरवरचं वजन सिरियल केबलने या मशीनवर येतं, वेब पानावर दिसतं आणि पावती छापली जाते. हिशेबाच्या विंडोज मशिनींसाठी सांबाचं (नेटवर्कवरून फाइली वाटून देणाऱ्या प्रोग्रॅमचं) शेअरही इथेच. २०१८ मध्ये डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) ९ बसवलं होतं, मग त्याच डिस्कवर १० आणि ११ चढवले. कोरं इन्स्टॉलेशन कधी झालंच नाही, त्यामुळे सात वर्षांत ज्याने ज्याने हात लावला त्याच्या खुणा अजून आत आहेत.

११ चा दीर्घ मुदतीचा आधार, म्हणजे सुरक्षा दुरुस्त्या मिळणं, ३१ ऑगस्ट २०२६ ला संपतो. दसऱ्यानंतर कापूस सुरू झाला की शेठ या मशीनला कुणाला हात लावू देत नाहीत, आणि पुढच्या वर्षीचं काय ते पुढच्या वर्षी म्हणणं मला परवडणारं नाही. म्हणून आत्ताच. डेबियन १३ याच ९ तारखेला आलंय, पण ११ वरून थेट १३ वर उडी मारता येत नाही, १२ ची पायरी घ्यावीच लागते. काट्याचं सॉफ्टवेअर देणारे लोकही १२ पर्यंतच हमी देतात.

आज फक्त पाहणी. एपीटी हे डेबियनवर पॅकेजं (तयार बांधलेले प्रोग्रॅम) उतरवून बसवणारं साधन. त्याची «होल्ड»वर ठेवलेल्या पॅकेजांची यादी देणारी आज्ञा «एपीटी-मार्क शोहोल्ड» चालवली तर एक नाव आलं: अपाचे. म्हणजे वेब सर्व्हरचं पॅकेज कुणीतरी मुद्दाम गोठवलंय. आवृत्ती बघितली, २०२१ मधली. तेव्हापासून अपाचेची एकही सुरक्षा दुरुस्ती या मशीनवर उतरलेली नाही, आणि हे मशीन ऑफिसच्या वाय-फायवर आहे.

दिवाणजींना विचारलं. ते म्हणाले, "ते अपडेट केलं का काटा बंद पडतो, ताई. आधीच्या माणसाने सांगून ठेवलंय, त्याला हात लावू नका."

काटा का बंद पडतो, हे मात्र त्या माणसाने कुठेच लिहून ठेवलेलं नाही.

१९ ऑगस्ट

कामाला लागायच्या आधी दोन गोष्टी. पहिली, ईटीसीकीपर बसवलं. ते सगळ्या /ईटीसी फोल्डरचा (सेटिंगच्या फाइली इथे असतात) गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, इतिहास ठेवतं आणि प्रत्येक एपीटी कामाच्या आधी-नंतर आपोआप नोंद करतं. हे पॅकेज पहिल्या दिवशीच हवं. अपग्रेडच्या मध्यात आठवून उपयोग नाही.

दुसरी, आधीच्या अपग्रेडांचा कचरा शोधला. /ईटीसी मध्ये नावाच्या शेवटी «.डीपीकेजी-डिस्ट», «.डीपीकेजी-ओल्ड», «.यूसीएफ-डिस्ट» असलेल्या फाइली «फाइंड»ने काढल्या. भरपूर सापडल्या. नव्याने काम करणाऱ्यांसाठी: सेटिंगची फाइल तुम्हीही बदललेली असेल आणि पॅकेजनेही, तरच डीपीकेजी (एपीटीच्या खाली पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं साधन) प्रश्न विचारतं. तुम्ही "माझीच ठेव" म्हणालात तर पॅकेजची नवी फाइल «.डीपीकेजी-डिस्ट» नावाने बाजूला पडते. "नवी घे" म्हणालात तर तुमची जुनी «.डीपीकेजी-ओल्ड» होते. म्हणजे हरवत काहीच नाही, फक्त नंतर कुणी ते उघडून बघत नाही. इथल्या काही २०१९ पासून तशाच पडून आहेत. त्रास काही देत नाहीत म्हणा: सुडोअर्स.डी मध्ये (सुडोने प्रशासकाचे अधिकार कुणाला, ते ठरवणाऱ्या फाइलींचं फोल्डर) नावात टिंब असलेली फाइल वाचलीच जात नाही, फोल्डरातल्या स्क्रिप्ट ओळीने चालवणारं रन-पार्ट्सही ती सोडून देतं.

सगळ्या एका फोल्डरात हलवल्या, म्हणजे या वेळी नवीन पडलेल्या वेगळ्या ओळखू येतील.

मग «डीपीकेजी --व्हेरिफाय». ही आज्ञा बसवलेल्या प्रत्येक फाइलचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला ठसा) पॅकेजच्या नोंदीशी ताडून बघते. जुळत नसेल तर ओळीत दोन प्रश्नचिन्हांनंतर ५ येतो, आणि सेटिंगची फाइल असेल तर पुढे «सी». «सी» असलेल्या ओळी पुष्कळ होत्या, त्या अपेक्षितच. «सी» नसलेली एकच होती, ती अशी:

/लिब/सिस्टमडी/सिस्टम/अपाचे२.सर्व्हिस

इथे थांबले. ही फाइल /ईटीसी मध्ये नाही, ती पॅकेजच्या मालकीची आहे. अशी फाइल बदललेली असली तरी अपग्रेडच्या वेळी डीपीकेजी काहीही विचारत नाही. नवी टाकतं आणि पुढे जातं. प्रश्न फक्त सेटिंगच्या फाइलींबद्दल विचारले जातात.

मूळ फाइल कशी होती ते बघायला त्याच आवृत्तीचं पॅकेज उतरवलं, «डीपीकेजी-डेब -एक्स»ने वेगळ्या फोल्डरात उघडलं आणि फरक काढला. एकच ओळ वेगळी. मूळ फाइलमध्ये «प्रायव्हेटटीएमपी=ट्रू», इथे «फॉल्स». कशासाठी बदलली असेल, ते आज कळलं नाही. वहीत लिहून ठेवलं.

मिलमध्ये आज दुसरीच चर्चा. सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आजपासून ३० सप्टेंबरपर्यंत काढलंय. शेठ दिवसभर फोनवर. सर्व्हरबद्दल मला कुणी काही विचारलं नाही, तेवढंच बरं.

२३ ऑगस्ट

काल पोळा, मिल बंद. आज क्लोनझिलाने डिस्कची प्रत काढली. ४८० जीबीची एसएसडी गोलाणी मार्केटातून २,९०० रुपयांना घेतली. ती जळगावला घरच्या जुन्या मशीनला लावली. इथून पुढचं सगळं आधी या प्रतीवर करणार आहे. काट्याच्या जागी सोकॅटने एक नकली सिरियल पोर्ट उभा केला आणि इंडिकेटरच्या साठवून ठेवलेल्या ओळी त्यातून सोडल्या. वेब पानावर वजन नीट दिसायला लागलं.

अपग्रेडच्या आधी ११ पूर्ण अद्ययावत हवं आणि होल्ड सोडवलेला हवा, असं डेबियनच्या प्रकाशन टिपणात स्पष्ट लिहिलंय. होल्ड काढला, अपाचे अपडेट केलं. आणि वजनाची जागा रिकामी.

म्हणजे दिवाणजी सांगत होते ते अक्षरशः खरं. आधी सोकॅटवर संशय घेतला, मग सिरियल पोर्टच्या परवानग्यांवर. वजन वाचणारी सर्व्हिस व्यवस्थित चालू होती, तिच्या लॉगमध्ये वजनं येत होती. पीएचपी भाषेत लिहिलेलं वेब पान मात्र कोरं. दुपार अशीच गेली. संध्याकाळी वही उघडली आणि ती एक ओळ दिसली.

भानगड अशी. वजन वाचणारा प्रोग्रॅम चालू वजन /टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरातल्या एका छोट्या फाइलीत लिहितो आणि वेब पान तिथून ते वाचतं. डेबियनच्या अपाचेला «प्रायव्हेटटीएमपी=ट्रू» असतं, म्हणजे सिस्टमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारी व्यवस्था) त्याला त्याचं स्वतःचं वेगळं /टीएमपी देतं. दोघंही /टीएमपी म्हणतात, पण दोघांची खोली वेगळी. आधीच्या माणसाने यावर उपाय म्हणून थेट पॅकेजची सर्व्हिस फाइल बदलली. पुढच्या अपडेटला ती निमूटपणे मूळ पदावर आली, काटा बंद पडला. त्याने पुन्हा बदलली, पुन्हा तेच झालं असणार. शेवटी त्याने अपाचेच गोठवून टाकलं. एका ओळीसाठी वेब सर्व्हर चार वर्षं दुरुस्तीविना.

साधा मार्ग «सिस्टमसीटीएल एडिट» हा आहे. त्याने /ईटीसी मध्ये आपली ओव्हरराइड फाइल बनते आणि पॅकेजचं अपडेट तिला शिवत नाही. तो घेतला नाही. खासगी /टीएमपी चांगल्या कारणासाठी दिलेलं असतं. त्याऐवजी वजनाच्या सर्व्हिसला «रनटाइमडिरेक्टरी» दिली, त्याने /रन मध्ये तिचं स्वतःचं फोल्डर तयार होतं. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये आणि पीएचपीत पत्ता बदलला. अपाचेची फाइल जशी पॅकेजने दिली तशी. अपाचे पुन्हा बसवून पाहिलं, वजन जागेवर.

२४ ऑगस्ट

दुसरं भांडण. डेबियन १२ मध्ये /बिन, /एसबिन आणि /लिब ही वेगळी फोल्डरं राहत नाहीत. ती /यूएसआर मधल्या फोल्डरांकडे नेणारे दुवे होतात. डेबियन १० पासून कोरं बसवलेलं मशीन आधीच तसं असतं. हे ९ पासून चढवत आणलेलं, म्हणून अजून जुन्याच घडणीचं. १२ च्या अपग्रेडमध्ये यूएसआरमर्ज नावाचं पॅकेज ही हलवाहलव करतं.

अपग्रेडच्या गर्दीत ते अडकलं तर कारण शोधणं अवघड जाईल, म्हणून ११ वर असतानाच ते वेगळं बसवलं. अडकलंच. वजन वाचणारा प्रोग्रॅम /बिन मध्येही आहे आणि /यूएसआर/बिन मध्येही, दोन्ही एका जागी येणार कसे, असं म्हणून थांबलं. या पॅकेजची ही गोष्ट आवडली, शंका असेल तिथे ते स्वतः निर्णय घेत नाही.

«सीएमपी»ने बघितलं, दोन्ही फाइली वेगळ्या. «डीपीकेजी -एस»ने मालक विचारला: /यूएसआर/बिन मधली काट्यावाल्यांच्या पॅकेजची, तारीख २०१८. /बिन मधली कुणाचीच नाही, हाताने टाकलेली, तारीख २०२१. सर्व्हिस फाइलीत पूर्ण पत्ता लिहिलेला, तो /बिन चा. म्हणजे पावत्या नव्या प्रतीवर चालतात. पण टर्मिनलवर नुसतं नाव लिहिलं की /यूएसआर/बिन आधी येतं, तिथे जुनी चालते.

मागच्या हंगामात काटेवाल्याने मला फोन करून सांगितलं होतं, "ताई, बोर्डवर १८,४२० आन् तुमना काळा पडदावर १,८४२!" तेव्हा पावती बरोबर छापत होती, म्हणून विषय तिथेच राहिला. त्याचा उलगडा आज झाला: २०२१ मध्ये इंडिकेटर बदलला, त्याच्या ओळीचा साचा वेगळा, जुनी प्रत शेवटचा अंक खाते.

२०२१ ची प्रत /यूएसआर/लोकल/बिन मध्ये नेली, सर्व्हिसमधला पत्ता बदलला. /यूएसआर/बिन मधली पॅकेजची म्हणून तिथेच ठेवली. मग यूएसआरमर्जची स्क्रिप्ट पुन्हा चालवली, पूर्ण झाली.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती, म्हणून आज रात्री बसून प्रतीवर मुख्य अपग्रेड. सोर्सेस यादीत बुल्सआय (११ चं नाव) च्या जागी बुकवर्म (१२ चं), आणि फर्मवेअरसाठी १२ पासून आलेला नवा विभाग «नॉन-फ्री-फर्मवेअर». सगळं टीमक्समध्ये, म्हणजे जोडणी तुटली तरी काम तुटत नाही. आधी «एपीटी अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस», मग «एपीटी फुल-अपग्रेड».

आलेले प्रश्न:

मारियाडीबी या डेटाबेसची ५०-सर्व्हर.सीएनएफ. केबिनमधलं एक जुनं मशीन थेट डेटाबेसला जोडतं, म्हणून यात «बाइंड-ॲड्रेस» बदललेला. प्रतीवर मुद्दाम पॅकेजची फाइल घेतली, काय होतं ते बघायला. अपेक्षेप्रमाणे पत्ता १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त याच मशीनपुरता, गेला आणि बाहेरून जोडणी बंद. मग आमची ती एक ओळ वेगळ्या ९९-लोकल.सीएनएफ मध्ये लिहिली. त्या फोल्डरातल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, ९९ शेवटी येते आणि तिचं म्हणणं टिकतं. आता ५०-सर्व्हर कोरी आहे, पुढच्या वेळी हा प्रश्न येणारच नाही.

सांबाची एसएमबी.कॉन्फ. हिचा प्रश्न निळ्या पडद्यावर येतो, कारण ती यूसीएफ (असे प्रश्न विचारणारं दुसरं साधन) सांभाळतं. त्यात तिन्ही बाजू (जुनी मूळ, आमची, नवी) जुळवायचा पर्यायही असतो. तो वापरला नाही. आमची ठेवली आणि «टेस्टपार्म»ने तपासली. चालली.

सुडोअर्स. आमची ठेवली, पण फरक वाचून. नव्या फाइलीत «यूज_पीटीवाय» ही सुरक्षेची ओळ आहे, ती हवी. म्हणून नंतर आमच्या ओळी सुडोअर्स.डी मध्ये नेल्या, मूळ फाइल पॅकेजची घेतली, «व्हिसुडो -सी»ने खात्री केली. सुडोच्या फाइलीवर अंदाजाने काही करू नका. चुकली तर दुरुस्त करायला लागणारा सुडोच चालत नाही.

प्रश्न न आलेली: पीएचपी. आणि तिनेच रात्र खाल्ली. ७.४ वरून ८.२, म्हणजे /ईटीसी मध्ये फोल्डरच नवं. जुनी पीएचपी.आयएनआय जिथल्या तिथे पडून, नवी कोरी करकरीत. दोन वेगळ्या पत्त्यांवरच्या फाइली असल्यामुळे डीपीकेजीच्या दृष्टीने वाद काहीच नाही. केबिनमधून गाडीचा फोटो चढवायला गेले तर चढेना. «अपलोड_मॅक्स_फाइलसाइज» मूळच्या २ एमबीवर आलेलं, फोनचे फोटो त्याहून मोठे. जुन्या आणि कोऱ्या ७.४ ची तुलना करून आमचे बदल तेवढे वेचले आणि ८.२ च्या कॉन्फ.डी मध्ये ९९ ने सुरू होणाऱ्या एका फाइलीत टाकले. अपाचेतही ७.४ चं मॉड्यूल हाताने बंद करून ८.२ चं चालू करावं लागलं.

पावतीच्या पीएचपीत ८ ला न चालणाऱ्या काही ओळी निघाल्या. तो वेगळा विषय, इथे लिहीत नाही.

२ सप्टेंबर

काट्यावाल्यांनी १२ साठीचं नवं पॅकेज पाठवलं. ४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, ४,७२० रुपये. प्रतीवर बसवायला गेले: /यूएसआर/बिन मधली अमुक फाइल मी लिहायला निघालोय, पण ती तमुक पॅकेजमध्येही आहे. इन्स्टॉल बंद.

कारण सरळ आहे. यांनी पॅकेजचं नाव बदललं, आतल्या फाइली त्याच ठेवल्या, आणि आपण जुन्याची जागा घेतोय हे पॅकेजमध्ये कुठेही लिहिलं नाही. डीपीकेजीला दोन अनोळखी पॅकेजं एकाच फाइलीवर हक्क सांगताना दिसतात.

फोनवर त्यांच्या मुलाने लगेच सांगितलं, "मॅडम, फोर्स-ओव्हरराइट मारा, सगळीकडे तेच करतो." प्रतच आहे, म्हणून मारून पाहिलं. बसलं, चाललं. मग नवं पॅकेज काढून टाकलं, कारण हंगामात कधी मागे फिरावं लागलंच तर काय, हे बघायचं होतं. नव्याबरोबर ती फाइलही गेली. जुनं पॅकेज यादीत "बसवलेलं" दिसतंय आणि त्याची फाइल जागेवर नाही. हंगामात रात्री गाड्यांची रांग लागलेली असताना हे समोर यावं, अशी माझी इच्छा नाही.

त्यांना परत लिहिलं: कंट्रोल फाइलीत «रिप्लेसेस» आणि «ब्रेक्स» या दोन ओळी टाका, जुन्या पॅकेजच्या नावाने आणि आवृत्तीच्या मर्यादेसह. एवढंच. दोन ओळींसाठी फोन बरेच झाले, पण सुधारलेलं पॅकेज संध्याकाळी आलं आणि गुपचूप बसलं. त्यानंतर /यूएसआर/लोकल/बिन मधली २०२१ ची प्रत काढली. ती राहिली असती तर पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या क्रमात) आधी तीच येते, आणि नव्या पॅकेजवर जुन्याच प्रोग्रॅमची सावली पडली असती.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी झाली, मिलमध्ये अर्धी माणसं झोपेत. आज खऱ्या मशीनवर. रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे, दिवाणजींना ग्रहण लागायच्या आत सगळं आवरलेलं हवं. मलाही हरकत नव्हती, नऊला सुरुवात केली.

क्रम प्रतीवर ठरलेला तोच: डेटाबेसचा डंप आणि डिस्कची ताजी प्रत, /रन चा बदल, होल्ड काढून अपाचे, यूएसआरमर्ज, ९९ च्या फाइली, मग अपग्रेड, शेवटी काट्याचं पॅकेज. आमचे बदल आधीच बाजूच्या फाइलींत नेऊन मूळ फाइली पॅकेजसारख्या करून ठेवल्या होत्या, त्यामुळे प्रश्न फक्त सांबाचा आला.

मधे वीज गेली. सर्व्हर यूपीएसवर होता, पण इंटरनेटचा राउटर नव्हता. पॅकेजं सगळी आधीच उतरलेली, त्यामुळे काम थांबलं नाही. टीमक्सला परत जोडले तेव्हा ते पुढच्या पॅकेजवर होतं. उतरवणं आणि बसवणं वेगवेगळं करा, «--डाउनलोड-ओन्ली» त्यासाठीच आहे.

रिबूटनंतर कर्नल ६.१. पानावर वजन नाही. दोन मिनिटं पोटात गोळा. काटेवाला दारातून, "काटा बोलस नही, ताई?" बघितलं तर साफसफाईत सिरियलचा कन्व्हर्टर कुणीतरी दुसऱ्या यूएसबीत घातलेला आणि अर्धाच बसलेला. तो नीट घातला. सरकीची एक गाडी आवारात होती, ती चढवली. बोर्ड, पान, टर्मिनल, तिन्हीकडे आकडा एकच.

चारला मोकळी झाले.

१४ सप्टेंबर

आठवडाभर तक्रार नाही. «डीपीकेजी --व्हेरिफाय» पुन्हा चालवलं: «सी» नसलेली एकही ओळ नाही. /ईटीसी मध्ये नवी «.यूसीएफ-डिस्ट» एकच, सांबाची. ती वाचून आमच्या फाइलीत हवं ते घेतलं आणि उडवली. पीएचपी ७.४ चे अवशेष «ऑटोरिमूव्ह»नंतरही सेटिंगसकट राहतात, ते पर्ज केले, म्हणजे सेटिंगसकट काढले. काट्याचं जुनं पॅकेज आधी नुसतं रिमूव्ह होतं, त्याच्या पर्ज स्क्रिप्टमध्ये काय आहे ते वाचून मगच पर्ज केलं. त्यात नव्या पॅकेजच्या फोल्डराला हात लावणारं काही नव्हतं.

सुरक्षा दुरुस्त्या आता अनअटेंडेड-अपग्रेड्सवर सोडल्यात, अपाचे धरून. ज्या पॅकेजला सेटिंग फाइलीचा प्रश्न विचारावा लागेल ते हे साधन स्वतःहून बसवत नाही, बाजूला ठेवतं आणि लॉगमध्ये हाताने करा म्हणून लिहितं. तो लॉग कुणी वाचला नाही तर ते पॅकेज पुन्हा अपाचेसारखंच मागे पडेल, म्हणून तशी ओळ आली की मला मेल यावी अशी सोय केली.

खर्च: एसएसडी २,९००, काट्याचं पॅकेज ४,७२०. माझ्या वेळेचं बिल वेगळं, शेठनी ते बघून "एवढं काय होतं त्यात?" विचारलंच. दिवाणजींनी जुनी चिठ्ठी, "अपडेट करू नये", मॉनिटरवरून काढून मला दिली. मी तिच्या मागे नव्या फाइलींचे पत्ते लिहिले आणि ती पुन्हा तिथेच चिकटवली.